टाकीतलं उपाशी पावणं

आळेफाट्यावरच्या त्या हॉटेलात कुणी ताट अर्धवट टाकून उठलं, की मालक स्वतः त्याच्यापाशी जाऊन उभे राहायचे. काय कमी पडलं, तिखट झालं का, दुसरी भाजी देऊ का, असं विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाहीत. नाशिकच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत असला तरी प्रवासी ओशाळून दोन घास जास्त खाऊन जायचा. मी तिथे गल्ल्यावर बसायचे. मालकांना सगळे शेठ म्हणायचे. मी काका म्हणायचे, कारण शेठ हा शब्द माझ्या तोंडातून निघत नाही.

अशा हॉटेलात एक मासा जेवेना, आणि त्याचा जीव वाचवायचं मी मनावर घेतलं, त्याची ही गोष्ट.

हॉटेल नवं केलं तेव्हा काकांच्या लेकीने हट्टाने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बसवून घेतली होती. लेण्याद्रीला जाणाऱ्या गाड्यांतली मुलं टाकी बघायला थांबतील, मुलं थांबली की आईबाप थांबतील, असा तिचा हिशेब. टाकी रस्त्याकडच्या खिडकीला लागून ठेवली होती. पुण्याच्या दुकानातून माणसं आली, त्यांनी खडक रचले, समुद्राच्या मिठाचं पाणी केलं, आणि तीन मासे सोडून गेली. त्यांतले दोन लहान, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे. ते दिसेल त्यावर तुटून पडायचे. तिसरा फुलपाखरू मासा. रुपेरी अंगावर केशरी पट्टे, शेपटीच्या वरच्या बाजूला एक काळा ठिपका, लांबून दुसऱ्या डोळ्यासारखा दिसणारा, आणि तोंड चिमट्यासारखं पुढे आलेलं. दुकानदाराने दिलेले दाणे त्याच्या तोंडासमोरून खाली जायचे. तो त्यांच्याकडे बघायचा आणि बाजूला व्हायचा.

सगळे त्याला पावणं म्हणू लागले. सकाळी कामाला येणारा प्रत्येक माणूस आधी तेच विचारायचा, पावणं जेवलं का.

आता आमच्या भागात पाहुणा जेवत नसला तर काय करतात? आग्रह करतात. त्या माशालाही सगळ्यांनी आग्रह केला. कुणी भाकरीचा चुरा टाकला, कुणी उकडलेला वाटाणा, कुणी पनीर. लेण्याद्रीहून परतणाऱ्या एका बाईंनी तर प्रसादाचा पेढा सोडला. प्रसादाला कोण नाही म्हणेल, असं त्यांचं म्हणणं. आचारी पोळीच्या कणकेच्या बारीक गोळ्या करून टाकायचे आणि पाणी चाखायची त्यांची फार इच्छा होती. ते म्हणायचे, "मीठ लई झालंय त्यात. कोन जेवंल?"

पाणी गढूळ झालं. केशरी मासेही वर येऊन धापा टाकल्यासारखं करू लागले. तेव्हा मी गल्ला सोडून उठले, टाकीवर झाकण घातलं आणि त्यावर कागद चिकटवला: आग्रह करू नये. मग मी पाणी बदलायला शिकले, आणि दुकानदाराला फोन केला.

दुकानदार म्हणाला की हा मासा असाच. समुद्रात तो खडकांच्या फटींतून चोच घालून जिवंत काहीतरी टिपून खातो. दाणे त्याला अन्न वाटतच नाहीत. ताजा शिंपला अर्धवट उघडून द्या, फट दिसली की तोंड घालील. एकदा खायला लागला की मग गोठवलेली कोळंबीही खाईल. फोन ठेवताना तो म्हणाला, पाठ बारीक व्हायला लागली असेल तर फार दिवस थांबू नका.

पाठ बारीक झालीच होती. समोरून बघितलं की डोक्याच्या मागे अंग चिमटल्यासारखं दिसायचं.

हॉटेलच्या बोर्डावर मात्र मोठ्या अक्षरांत शुद्ध शाकाहारी लिहिलं होतं, आणि ते नुसतं गिऱ्हाईक ओढायला लिहिलेलं नव्हतं. काका पिंपरी पेंढारच्या शेतकरी घरातले. तरुणपणीच त्यांनी गळ्यात माळ घातली होती. रोज सकाळी गल्ल्याच्या वरच्या देवाला दिवा लावायचे, मग टाकीपाशी जाऊन चिमूटभर दाणे सोडायचे, मग शटर पूर्ण वर करायचे. आधी देव, मग ही लेकरं, मग गिऱ्हाईक. केशरी मासे त्यांची चाल ओळखायचे. ते टाकीच्या ज्या बाजूने जातील त्या बाजूला मासे पोहत जायचे.

मी त्यांना शिंपल्याचं सांगितलं, तेव्हा ते टेबल पुसत होते. फडकं थांबलं.

"हितं अंड्याचं टरफल सुदिक आलं न्हाई कधी. बोर्डावर काय लिवलंय?"

"बोर्ड गिऱ्हाइकासाठी आहे, काका. मासा काही गिऱ्हाईक नाही."

"मग कोन हाये?"

"तुम्हीच म्हणता ना, पावणं."

"मग पावण्यानं घरधन्याचं बघून जेवावं," ते म्हणाले, आणि फडकं पुन्हा फिरू लागलं.

मला राग आला. तो नुसता माशासाठी नव्हता, हे सांगायला हवं. मी आंबेगावच्या पश्चिमेकडची, डोंगराकडची. आमच्या वाडीची जुनी खाचरं धरणाच्या पाण्याखाली आहेत. आम्ही भात-नाचणी खातो, आणि त्याबरोबर नदी देईल ते खातो. खेकडे, बारके मासे, शिंपले. कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी काकांनी मला अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं की डब्यात तसलं काही असलं तर बाहेर बसून खायचं. तेव्हापासून सुकट किंवा खेकड्याचं कालवण असलं की मी पंक्चरच्या दुकानाशेजारच्या कडुलिंबाखाली बसून जेवत होते. नियम सगळ्यांना सारखाच, असं ते म्हणायचे. पण तसला डबा आणणारी त्या हॉटेलात मी एकटीच होते, त्यामुळे नियमही माझ्या एकटीसाठीच होता.

माझ्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. आईवडील दोघंही धरणग्रस्तांच्या चळवळीत. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर, झोपले ती पत्रकांच्या गठ्ठ्याला टेकून, आणि शाळेच्या वह्यांना कव्हरं घातली तीही उरलेल्या पत्रकांची. आई म्हणते, हिचं भूक लागल्याचं वाक्यसुद्धा 'पाहिजे'ने संपतं. तेव्हा मी मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. मथळा होता, 'माशाला त्याचे अन्न मिळालेच पाहिजे'. प्राण्याचा आहार हा त्याचा धर्म नसून त्याचा देह आहे, कोणाच्याही व्रताची किंमत दुसऱ्याच्या उपासमारीने चुकवता येत नाही, वगैरे. पानभर लिहिलं, खाली सही केली आणि काकांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावला. उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. "लिवलंय चांगलं," म्हणाले. मग कागदाची चौघडी घातली आणि कोपऱ्यातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल हलायचं थांबलं. आमच्या घरच्या एकाही पत्रकाचा परिणाम इतक्या लवकर दिसल्याचं मला आठवत नाही.

आचाऱ्यांना मात्र माझी दया आली असावी. दुपारी भांडी आवरताना त्यांनी मला बोलावून हळू आवाजात सांगितलं की एवढा घोळ कशाला घालतेस. "शिंपलाच हाये ना? गप वाळूत ठिवून दे. शोभेचा म्हनायचं. शेठला काय कळतंय आत मास हाये का माती."

हे मला सुचलं नव्हतं, आणि सुचवल्यावर डोक्यातून जाईना.

सुट्टीला घरी गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "आमी मोर्चे काढले ते मानसांसाठी. तू आता माशासाठी काढतीस व्हय?"  भाकरी झाल्या तशी तिने हात धुतले, कोपऱ्यातली घमेली उचलली आणि चल म्हणाली.

धरणातून पाणी सोडलेलं नसलं की खालच्या अंगाला नदी कमरेएवढीसुद्धा राहत नाही. आईने पदर खोचला आणि आत उतरली. शिंपले हाताने शोधायचे नसतात. गाळात पाय सरकवत चालायचं, टाचेला गोटा लागला आणि तो गोट्यापेक्षा पातळ वाटला, की खाली वाकायचं. मी तिच्या मागे चालले. काळे, हाताच्या तळव्याएवढे शिंपले मिळाले. नदीचंच पाणी भरून ते स्टीलच्या डब्यात ठेवले. आई काठावर बसून पाय पुसत म्हणाली, त्याला आधी बारका दे, मोठ्याचं तोंड उघडत न्हाई लवकर.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत डबा मांडीवर धरून मी दुकानदाराला फोन लावला. गोड्या पाण्यातला शिंपला चालेल का? चालेल, तो म्हणाला, पण खाऱ्या पाण्यात तो लगेच मरतो, तेव्हा उरलेला काढून घ्यायचा, नाहीतर पाणी नासेल. मी त्याला हॉटेलची अडचण सांगितली. तो हसला. "अहो ताई, त्या दाण्यांत तरी काय असतं? माशांचीच पूड. तुमचं हॉटेल केव्हाचं बाटलंय."

मी फोन ठेवला आणि मला आधी आनंदच झाला. वाद जिंकायला याहून मोठं हत्यार नको होतं. मग गाडी मंचरच्या पुढे आली तसा तो आनंद ओसरला. हे ऐकल्यावर काका दाणे बंद करतील. मग फुलपाखरू मासा तर जाईलच, केशरी दोघंही जातील. नाही सांगितलं, तर ते रोज दिव्यानंतर स्वतःच्या हाताने माशांची पूड सोडत राहतील आणि ते फक्त मला माहीत असेल. त्यात आचाऱ्यांची युक्ती होतीच. डब्यातला शिंपला वाळूत ठेवायचा, तोंड मिटून गल्ल्यावर बसायचं, मासा जगला असता.

आमच्या घरी बिननावाचं पत्रक वाटत नसत. कितीही खरं असलं तरी. कुणीतरी तसा गठ्ठा आणून दिला होता तेव्हा आईने तो परत पाठवला होता. ज्याला मागायचंय त्याने नाव लिहून मागावं, असं तिचं म्हणणं. आळेफाटा येईपर्यंत माझं ठरलं होतं.

शटर अर्धं वर होतं. मी आत गेले नाही. पायरीवर उभी राहून काकांना हाक मारली. त्यांनी नुकताच दिवा लावला होता आणि ते टाकीकडे निघाले होते. चिमटीत दाणे.

"काका, या डब्यात नदीतले जिवंत शिंपले आहेत. मी ते आत आणलेले नाहीत. आणि तुमच्या हातातले दाणे माशांच्या पुडीचे आहेत."

ते थांबले. चिमटीकडे बघितलं.

"कोन म्हनलं?"

"दुकानदार. आत्ता गाडीत असताना फोनवर."

"हे सांगितलंच पायजे व्हतं का?"

"हो."

त्यांनी चिमटीतले दाणे परत डबीत सोडले, एकही खाली सांडू न देता. डबीचं झाकण लावलं, ती माझ्याजवळून बाहेर आणली आणि ओट्याच्या टोकाला ठेवली. मग मागच्या नळावर जाऊन पुन्हा अंघोळ केली, पुन्हा दिवा लावला, आणि शटर वर केलं. 

मी शिंपल्यांचा डबा कडुलिंबाच्या सावलीत ठेवला आणि गल्ल्यावर बसले. आचारी स्वयंपाकघरातून बाहेर आले, टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "एक उपाशी व्हता, आता तिघं केलंस," ते म्हणाले. "लई मोठी पुढारीन."

त्यांचं खरं होतं. केशरी मासे सकाळभर काचेला लागून होते. काका ताट घेऊन गेले की ते त्या बाजूला, काका पाण्याचा जग घेऊन आले की ते या बाजूला. फुलपाखरू मासा खडकाच्या मागे गेला होता आणि त्याचा फक्त तो खोटा डोळा दिसत होता.  पण पुन्हा तीच पायरी चढायची असती तर मी तेच बोलले असते. मी मनात उत्तरं तयार करत होते. काका ओरडले तर काय म्हणायचं, काढून टाकलं तर काय म्हणायचं, टाकी उचलून न्यायला सांगितलं तर कुठे न्यायची.

जेवणाची गर्दी ओसरल्यावर काकांनी खुर्ची ओढली आणि टाकीसमोर बसले.  मग माझ्याकडे न बघता विचारलं, "समुद्रात काय खात असत्याल हे?"

"हेच."

"तिघंबी?"

"तिघंही."

ते उठले. गळ्यातली माळ त्यांच्या बोटांत होती, ती सोडली. "माळ म्या घातली," ते म्हणाले. "त्यांनी न्हाई घातली."

मी तयार केलेलं एकही उत्तर उपयोगाचं राहिलं नाही.

पण उंबऱ्याचा नियम मोडणार नाही, असं त्यांनी पुढे सांगितलं. टाकीमागची खिडकी बाहेरून उघडते. जे द्यायचं ते तिकडून, माझ्या हाताने. दाणेसुद्धा. स्वयंपाकघरातली सुरी नाही, वाटी नाही, काही नाही. बोलून झाल्यावर ते बाहेर ओट्यावर गेले, मला तिथे बोलावलं, डबी उचलून माझ्या हातात दिली आणि हात झटकत आत आले. रोज दिव्यानंतर टाकीपाशी जायची त्यांची सवय त्या क्षणी संपली, हे आम्हा दोघांनाही कळलं. 

मी टोमॅटोचा रिकामा क्रेट पालथा घातला, खिडकीखाली ठेवला आणि वर चढले. मागे मालाच्या गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीच्या वाऱ्याने ओढणी तोंडावर येत होती. गजांतून हात घातला की टाकीचं झाकण उघडता येत होतं. केशरी दोघांना दाणे टाकले. पंक्चरवाल्याकडून आणलेल्या जुन्या स्क्रूड्रायव्हरने बारक्या शिंपल्याची फट उघडली, मागून काढून घेता यावा म्हणून त्याला दोरा बांधला आणि तो खडकापाशी सोडला.

आत बातमी पसरली. चहा पिणारी माणसं कप घेऊन टाकीपाशी आली. एका गाडीतलं सबंध कुटुंब आलं, मुलं काचेवर हात ठेवून उभी राहिली. मला गजांतून त्यांचे चेहरे पाण्यापलीकडे हलताना दिसत होते. कुणीतरी म्हणालं, खा की रं. दुसरा म्हणाला, शिंपला थोडा त्याच्या पुढं ढकला. फुलपाखरू मासा खडकामागून बाहेर आला, एवढी तोंडं बघून परत गेला. केशरी मासेच शिंपल्याला टोचू लागले. मी दोरा ओढून शिंपला काढून घेतला.

"आग्रह करू नये, असं लिहिलंय तिथे," मी बाहेरून ओरडले. कुणी ऐकलं नाही. रस्त्यावर उभं राहून ओरडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं.

तेव्हा काका गल्ल्यामागून आले. ते गर्दीत शिरले आणि सगळ्यांना आपापल्या टेबलावर बसायला लावलं. मुलांनासुद्धा. "जेवनाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये," ते म्हणाले. "तुमच्याकडं कोन असं बघत बसलं तर तुमी जेवाल का?" मग ते टाकीसमोर स्वतः उभे राहिले, टाकीकडे पाठ करून, हात मागे बांधून, लग्नाच्या पंगतीत वाढपी उभे राहतात तसे.

मी दुसरा शिंपला उघडला आणि सोडला. या वेळी खडकाच्या मागच्या बाजूला, जिथे केशरी मासे कमी जायचे. हात बाहेर काढला आणि गजाला धरून थांबले.

बराच वेळ काही झालं नाही. मग खडकामागून ते लांब तोंड आलं. तो शिंपल्याभोवती एकदा फिरला, थांबला, मागे सरला. पुन्हा आला. डोकं खाली आणि शेपटी वर करून त्याने फटीत चोच घातली आणि चटकन काढली, जसं कुणी उकळत्या आमटीत बोट घालतं. मग पुन्हा घातली, आणि या वेळी ओढून काहीतरी तोडलं. पांढरा बारीक तुकडा मला दिसला. तो आत गेला. मग तो तोडतच राहिला.

काकांनी मान वळवली नाही. "जेवलं का?" त्यांनी विचारलं.

"जेवतंय," मी म्हणाले.

"मग सावकाश जेवू दे."

ते तसेच उभे राहिले. मासा थांबला, खडकाकडे गेला, तेव्हा मी दोरा ओढून शिंपला काढला. आत चाटून पुसल्यासारखा झाला होता. क्रेटवरून खाली उतरले तर बाहेरच्या नळापाशी एक बादली, प्लास्टिकचा मग आणि साबणाची नवी वडी ठेवलेली दिसली. सकाळी ती तिथे नव्हती. मी कोपरापर्यंत हात धुतले आणि गल्ल्यावर येऊन बसले. काकांनी माझ्यासमोर चहा ठेवला.

माझ्या जेवणाच्या डब्याचा विषय मी त्या दिवशी काढला नाही. दुसऱ्या दिवशी काढला.